मूळ पुरुषाच्या शोधात मी आणि एक्सेल

आमच्या कंपनीत गिटचा इतिहास स्वच्छ ठेवण्याची मोहीम काढली ती मीच. कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो: ठेवी, कर्ज, पिग्मी, थकबाकी, वसुली. पुण्यात एका निवासी इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ऑफिस, खाली पोळीभाजी केंद्र आणि वर मी सीनियर. सीनियर माणसाला एखादं ठाम मत लागतं, नाहीतर तो नुसताच वयानं मोठा दिसतो. माझं मत इतिहासाबद्दल होतं. इतिहास सरळ रेषेत हवा.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाच-दहा जण एकाच प्रोग्रामवर एकाच वेळी काम करत असले की कोणी काय बदललं आणि कशावर बदललं याची नोंद ठेवावी लागते. ती गिट ठेवतं. लिनस टॉर्व्हाल्ड्सनं २००५ च्या एप्रिलमध्ये लिनक्सच्या कामासाठी ते लिहिलं, कारण तोवर ते लोक वापरत असलेल्या बिटकीपरची फुकटात वापरायची सवलत बंद झाली होती. गिटमधल्या एकेका नोंदीला कमिट म्हणतात. कमिटमध्ये त्या घडीला सगळा प्रोग्राम कसा होता ते असतं, लिहिणाऱ्याचं नाव असतं, वेळ असते, एक-दोन ओळींचा निरोप असतो आणि आधीच्या कमिटचा नंबर असतो. म्हणजे बापाचं नाव. वेगळं काही करून बघायचं असेल तर मुख्य रेघेपासून, मेनपासून, ब्रँच फोडायची आणि काम झालं की ती मेनमध्ये आणायची. याला मर्ज मारणं म्हणतात. मर्जच्या कमिटला बाप दोन.

या सगळ्याचं चित्र दाखवणारी एक खिडकी असते. आमच्या रेपोचं, म्हणजे या सगळ्या नोंदींच्या कोठाराचं, चित्र उघडलं की हिरव्या, जांभळ्या, केशरी रेघा एकमेकींना छेदत, पुन्हा भेटत, पुन्हा फुटत खाली जाताना दिसायच्या. कामाला त्याचा काडीचा त्रास नव्हता. मला होता. म्हणून मी फतवा काढला: यापुढे कुठलीही ब्रँच मेनमध्ये आणायची ती स्क्वॉश करूनच. म्हणजे ब्रँचवरचे 'दुरुस्ती', 'दुरुस्तीची दुरुस्ती', 'आता बघू', 'शेवटचं', 'खरंच शेवटचं' असे सगळे कमिट दाबून त्यांचा एकच कमिट करायचा आणि तो मेनच्या टोकाला लावायचा. टीमनं लगेच मान डोलावली. वार्षिक मूल्यमापनाचे फॉर्म मी भरतो.

आणि चित्र खरोखर सुंदर झालं. वरून खाली एकच रेघ. मी ते मालकांना दाखवलं. मालक म्हणाले, "छान आहे. पण हे काय आहे?"

स्क्वॉशमध्ये एक बारीकशी गोष्ट असते, आणि ती मला माहीत नव्हती असं नाही. मी तिच्याकडे सीनियर माणसानं बघावं तसं बघितलं होतं, म्हणजे वरवर. स्क्वॉश केलेल्या कमिटला बाप एकच असतो, मेनवरचा आधीचा कमिट. ब्रँचवरचा सगळा मजकूर त्यात येतो. ब्रँचचं नाव येत नाही. काम आलं, नातं आलं नाही. ब्रँच काम संपल्यावर उडवून टाकणार असाल तर यानं काही बिघडत नाही, उलट लोक हेच करतात. आमची ब्रँच उडवायची राहिली.

तिचं नाव दिवाळी. एका पतसंस्थेनं थकबाकीदारांसाठी सणापुरती योजना काढली होती: जो दिवाळीपर्यंत हप्ते भरून टाकील त्याला दंडव्याज निम्मं. दोन टक्क्यांऐवजी एक. आषाढात आम्ही मेनपासून ब्रँच फोडली. अमुक एवढं झालं की स्क्वॉश करून मेनमध्ये आणायचं, पुन्हा त्याच ब्रँचवर पुढचं करायचं, पुन्हा स्क्वॉश. आणि दर वेळी कॉन्फ्लिक्ट. नवे असते तर तक्रार नव्हती. हे तेच होते. गेल्या वेळी सोडवलेले, त्याच फाइलमध्ये, त्याच ओळीवर. गिट म्हणायचं, मेनवाल्यांनी हे बदललंय, दिवाळीवाल्यांनीही बदललंय, काय ठेवू सांगा. आम्ही म्हणायचो, अरे, हे आपण मिटवलंय ना? गिट ढिम्म.

कॉन्फ्लिक्ट कसा दिसतो ते एकदा जवळून बघा. फाइलच्या मध्येच <<<<<<< अशी सात बाणांची ओळ येते, खाली मेनचं म्हणणं, मग ======= अशी आडवी भिंत, मग दिवाळीचं म्हणणं, आणि शेवटी >>>>>>>. आमच्या बाबतीत वर होतं: थकीत रकमेवर एक टक्का दंडव्याज, जवळच्या रुपयापर्यंत पूर्ण करून. खाली होतं: थकीत रकमेवर एक टक्का दंडव्याज. बास. आणि या दोन्हींच्या वर एडिटरनं कनवाळूपणे तीन बटणं दिलेली असतात. हे ठेवा, ते ठेवा, दोन्ही ठेवा.

शनिवार होता, घरून फोन येत होते. मी 'दोन्ही ठेवा' दाबलं.

याचा अर्थ असा की प्रोग्राम आता एक टक्का दंडव्याज लावत होता, आणि लगेच खालच्या ओळीत आणखी एक टक्का, रुपयापर्यंत पूर्ण करून. निम्मं दोनदा म्हणजे पूर्ण. आमच्या चाचण्यांनी यावर बोट ठेवायला हवं होतं. पण चाचण्या आषाढातल्या होत्या, जुन्या दरानं लिहिलेल्या, आणि त्या इतके दिवस लाल दिसत होत्या. माझ्या मर्जनंतर पहिल्यांदाच सगळ्या हिरव्या झाल्या. मी टीमला म्हणालो, "बघा, ताळा जुळला."

चाचणीसाठी दिलेली प्रत संस्थेच्या मॅनेजरांनी दोन-चार खरी खाती घालून चालवली आणि फोन केला. गृहस्थ सभ्य. आवाज चढवत नाहीत. "साहेब, सवलतीचा बोर्ड आम्ही दारात लावलाय. पण सवलत घेतली तरी दंडव्याज आहे तेवढंच येतंय. एका सभासदाला तर काही पैसे वर येताहेत." ते वरचे पैसे रुपयापर्यंत पूर्ण केल्याचे. मी म्हणालो, "बघून सांगतो." या धंद्यात याचा अर्थ सगळ्यांना कळतो, मॅनेजरांनाही.

आता खरा प्रश्न असा आहे. एका बाजूला 'रुपयापर्यंत पूर्ण करून' हे शब्द आहेत, दुसऱ्या बाजूला नाहीत. मेनवाल्यांनी ते घातले, की दिवाळीवाल्यांनी काढले? नुसत्या दोन बाजू डोळ्यांसमोर ठेवून कितीही वेळ बसलात तरी याचं उत्तर मिळत नाही. तिसरा कागद लागतो: दोघे वेगळे झाले तेव्हा तिथे काय लिहिलं होतं? त्या वेळी ते शब्द नव्हते आणि आज एका बाजूला आहेत, तर त्या बाजूनं ते घातले. दुसरीनं हातच लावलेला नाही. नवं ठेवा, भांडण नाही. गिट नेमकं हेच करतं. आधी दोन्ही टोकांचा जवळचा समान पूर्वज काढतं, मग दोन्ही बाजूंची तुलना एकमेकींशी न करता त्या पूर्वजाशी करतं. एकाच बाजूनं बदललं असेल तर तो बदल गुपचूप घेतं. दोघांनी एकाच जागी वेगवेगळं बदललं असेल तरच ओरडतं. पूर्वज चुकीचा मिळाला की पुढचं सगळं न्यायदान चुकतं. सेटिंगमध्ये डिफ-तीन नावाची पद्धत लावली तर कॉन्फ्लिक्टच्या मध्येच ||||||| अशा ओळीखाली पूर्वजाचं म्हणणंही छापून येतं. माझ्याकडे ती लावलेली नव्हती. चित्र गिचमिड दिसतं म्हणून.

तेव्हा पूर्वज शोधायला हवा होता. टीममधली सगळ्यात नवी मुलगी, सांगलीची, मागून म्हणाली, "सर, त्यासाठी एक कमांड..." मी हात वर करून तिला थांबवलं. सीनियर माणसानं सगळ्यांदेखत शिकायचं नसतं. "आपण पद्धतशीर जाऊ," असं म्हणून मी एक्सेल उघडलं.

कल्पना साधी होती. दोन्ही ब्रँचांच्या कमिटांच्या याद्या काढायच्या, अ रकान्यात एक, ब रकान्यात दुसरी, व्हीलुकअप लावायचा, आणि दोन्हीत असलेला सगळ्यात ताजा कमिट म्हणजे पूर्वज. याद्या मी बिल्ड मशीनवरून, म्हणजे प्रोग्राम बांधून तयार करणाऱ्या मशीनवरून, काढल्या, कारण ते मशीन वेगानं चालतं. दोन्ही याद्यांत एकेकच ओळ आली. त्यांवरून मी जाहीर केलं की या दोन ब्रँचांचा एकमेकींशी काही संबंधच नाही.

हे अगदीच अशक्य नसतं, एवढं माझ्या बाजूनं नोंदवून ठेवतो. गिटमध्ये खरोखरच असंबद्ध इतिहास असू शकतात. २०१६ पासून असे दोन इतिहास जोडायला गेलं तर गिट मुळात नकार देतं, वेगळी परवानगी मागतं. खुद्द लिनक्सच्या कर्नलमध्ये कोणीतरी कधी एक रीडमी फाइल टाकून सुरू केलेला भलताच इतिहास चुकून मिसळला गेला आणि तेव्हापासून त्या घराण्याला एक जादा मूळ पुरुष आहे, हातात रीडमी घेऊन उभा. आमच्याकडे मात्र असं भव्य काही नव्हतं. बिल्ड मशीन वेगानं चालतं कारण ते रेपो आणताना फक्त शेवटचा कमिट आणतं, खोली एक. ज्याला एकच पिढी ठाऊक आहे त्याला पूर्वज विचारण्यात अर्थ नव्हता. ती सेटिंगही मीच केली होती, बिल्ड लवकर व्हावी म्हणून.

मग माझ्या लॅपटॉपवरून पूर्ण याद्या. कमिटचा पूर्ण नंबर चाळीस चिन्हांचा असतो, शून्य ते नऊ आणि ए ते एफ. पण लोक पहिली सात चिन्हं वापरतात, तेवढ्यावर काम भागतं. त्या सातांत नुसतेच आकडे येण्याची शक्यता पावणेचार टक्क्यांच्या आसपास असते. शेकडो कमिटांच्या यादीत असे डझनावारी निघतात, आणि त्यातल्या ज्यांच्या सुरुवातीला शून्य होतं त्यांचं शून्य एक्सेलनं, त्याच्या मते निरुपयोगी म्हणून, काढून टाकलं. एकाचा नंबर होता ७१९०ई१२. एक्सेल हे वाचून थक्क झालं: सात हजार एकशे नव्वद गुणिले दहाचा बारावा घात! त्यानं तिथे ७.१९ई+१५ लिहिलं. हा कमिट आमच्या एका माजी सहकाऱ्यानं पिग्मीच्या पावतीवरचा शब्द दुरुस्त करण्यासाठी केलेला होता. एवढी मोठी किंमत त्याच्या कामाला कंपनीत कधी मिळाली नव्हती.

रकाना 'टेक्स्ट' केला, पुन्हा भरला. आता पुष्कळ ओळी जुळल्या. जुळायच्याच, पूर्वजाचे सगळे पूर्वजही दोघांचे समानच असतात, वरपर्यंत. मला त्यातला सगळ्यात अलीकडचा हवा होता. मी तारखेप्रमाणे उतरत्या क्रमानं लावलं आणि सगळ्यात वरची ओळ टीमला वाचून दाखवली.

"सर," ती मुलगी म्हणाली, "ही तारीख पुढच्या वर्षीची आहे."

आमचा मूळ पुरुष अजून जन्मायचा होता. कोणा इंटर्नच्या लॅपटॉपचं घड्याळ एक वर्ष पुढे असताना त्यानं कमिट केला होता, आणि गिट कमिटची वेळ लॅपटॉप सांगेल तीच लिहून घेतं. म्हणून तर ते तारखेवर विसंबत नाही. दोन्ही टोकांपासून एकेक पिढी वर चढतं, एका बाजूच्यांना एक खूण, दुसऱ्या बाजूच्यांना दुसरी. ज्याच्यावर दोन्ही खुणा पडतात तो उमेदवार. आणि उमेदवाराच्या वरचे सगळे बाद, कारण ते समान असले तरी जवळचे नाहीत. तारीख फक्त कोणाला आधी तपासायचं एवढ्यापुरती. हे मी आता अधिकारवाणीनं सांगतोय. त्या वेळी मी इंटर्नचं मूल्यमापन कुठे ठेवलंय ते शोधत होतो.

शेवटी तिला बोलू दिलं. तिनं टाइप केलं: गिट मर्ज-बेस मेन दिवाळी. एंटर. चाळीस चिन्हांची एक ओळ आली. तिनं तो कमिट उघडून दाखवला. आषाढातला. ब्रँच फोडली त्या दिवशीचा.

"हे चूक आहे," मी म्हणालो. "त्यानंतर आपण कितीदा मर्ज मारलाय. पूर्वज निदान भाद्रपदातला तरी असायला हवा. गिटमध्ये बग असणार." जगातले लाखो लोक वापरतात त्या प्रणालीत वीसेक वर्षं कोणाला न दिसलेला बग मला शनिवारी संध्याकाळी पोळीभाजी केंद्राच्या वर सापडला आहे, असं माझं म्हणणं होतं. ती काही बोलली नाही. सांगलीची माणसं वेळ देतात.

त्याच वेळी आत्याचा फोन आला. गावाकडे भाऊबंदांतलं कोणीतरी वयस्कर गेलं होतं आणि घरात प्रश्न होता तो नेहमीचा: आपल्याला सूतक आहे का? आत्याचं वय ऐंशीच्या पुढे. चष्मा सापडत नाही, पण भाऊबंदकी तोंडपाठ. ती फोनवरच वर चढायला लागली. "गेले त्यांचे वडील, त्यांचे वडील, त्यांचे वडील. आता आपल्याकडून ये. तुझे वडील, माझे वडील, त्यांचे वडील, त्यांचे वडील. हे दोघं सख्खे भाऊ. म्हणजे त्यांचा बाप एक. झालं, सात पिढ्यांच्या आत आहे, दहा दिवस." एका दमात. दोन्हीकडून चढायचं, जिथे गाठ पडते तिथे थांबायचं, त्याच्या वर जायचं कारण नाही. नाशिकला रामकुंडावर तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्या असतात त्यांतही हेच. आलेला यजमान स्वतःखाली बापाचं, आजाचं नाव लिहवून जातो; पुढे होणाऱ्या नातवाचं कोणी लिहू शकत नाही. वाट वरच जाते. कायदासुद्धा याच वाटेनं जातो: १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सपिंड ठरवताना स्वतःला धरून बापाकडून पाच पिढ्या आणि आईकडून तीन पिढ्या वर चढायला सांगितलं आहे. वधूवरांचं मर्ज-बेस काढून आकडा लहान आला तर मर्जला नकार. चालीरीत तशी असेल तर परवानगी.

मी आत्याला सहज विचारलं, "अगं, मग आपल्याकडे वाढलेले ते तात्या, त्यांच्याकडूनही सूतक असेल ना?"

"छे! त्याचं कुठलं?" आत्या म्हणाली. "घरात वाढला, शेत कसलं, सगळं केलं त्यानं. पण दत्तकविधान कुठे झालं होतं? लिहिताना बाप तोच राहिला ना, मूळचा. वहीत जे नाही ते नाही बाबा."

मी फोन ठेवला. मागे वळून बघायची गरज नव्हती, ती मुलगी सगळं ऐकत होती. आम्ही दर वेळी दिवाळीतला मजकूर मेनमध्ये आणत होतो, घरात घेत होतो, कामाला लावत होतो, आणि विधी करत नव्हतो. माझ्या फतव्यानं. गिटच्या वहीत या दोन ब्रँचा आषाढात वेगळ्या झाल्या त्या पुन्हा कधी भेटल्याच नव्हत्या. त्यामुळे मेनवर नंतर कोणी 'रुपयापर्यंत पूर्ण करून' घातलं, तेव्हा गिट दोघांना आषाढातल्या दोन टक्क्यांशी ताडून बघत होतं आणि म्हणत होतं, तुम्ही दोघांनीही बदललंय. ते बरोबरच बोलत होतं. प्रत्येक वेळी.

उपाय असतो. गिटमध्ये 'अवर्स' नावाची मर्जची एक चाल आहे: नोंदीत दोन्ही बाप लिहायचे, पण मजकूर मात्र आपल्या बाजूचा जसाच्या तसा ठेवायचा, दुसऱ्या बाजूचा एक शब्द घ्यायचा नाही. म्हणजे निव्वळ दत्तकविधान. दिवाळीतलं सगळं मेनमध्ये आधीच आलेलं आहे, नातं तेवढं लिहायचं राहिलंय, अशा वेळी हेच हवं. मुलीनं सांगितलं, "सर, मेनवर उभं राहून हे करायचं." मी म्हणालो, "मला माहीत आहे गं." आणि ती चहाला गेली तेव्हा करून टाकलं.

मी उभा होतो दिवाळीवर.

'आपली बाजू' म्हणजे ज्या ब्रँचवर तुम्ही उभे आहात ती. मी गिटला सांगितलं होतं की मेनचा सगळा इतिहास दिवाळीत आलेला आहे असं लिही आणि मेनचा मजकूर मात्र फेकून दे. गिटनं निमूटपणे तसं लिहिलं. मग मी दिवाळी मेनमध्ये आणली. आता दिवाळी ही कागदोपत्री मेनचीच वंशज होती, त्यामुळे मेननं कसलाही वाद न घालता तिच्यापर्यंत उडी मारली. एकही कॉन्फ्लिक्ट नाही! मी पुश केलं, म्हणजे सगळ्यांना मिळेल असं वर चढवलं. खाली जाऊन पेढे आणले. टीमला म्हणालो, प्रश्न मुळापासून सुटला.

मूळ खरंच जागेवर होतं. फांद्या गेल्या होत्या. रुपयापर्यंत पूर्ण करणं गेलं, पावतीवरचा नवा मसुदा गेला, आणि दोघांनी महिनाभर खपून केलेला वसुलीचा अहवाल मेन्यूतूनच नाहीसा झाला. पेढा तोंडात असतानाच त्या दोघांपैकी एकानं विचारलं, "सर, वसुली कुठे गेली?" हा प्रश्न पतसंस्थांच्या धंद्यात अनेक अर्थांनी विचारला जातो, पण याचा रोख माझ्याकडेच होता. आणि गिटला यात काहीच वावगं दिसत नव्हतं. कॉन्फ्लिक्ट आला असता तर निदान कोणी बघितलं तरी असतं.

मुलीनं चहाचा कप ठेवला, माझ्या लॅपटॉपवर बसली आणि रीफ्लॉग उघडला. प्रत्येक ब्रँचचं टोक कधी कुठे होतं याची टाचणं गिट ज्या त्या मशीनवर ठेवतं. साधारणपणे नव्वद दिवस, आणि वाऱ्यावर सोडलेल्या कमिटांची तीस दिवस. तिनं माझ्या उडीच्या आधीचा मेनचा नंबर उचलला, मेन तिथे परत नेलं, दिवाळी परत नेली, सगळ्यांना दहा मिनिटं पुल करू नका, नवं उतरवून घेऊ नका म्हणून सांगितलं, मेनवर उभी राहिली, तीच कमांड दिली, पुश केलं. मर्ज-बेस पुन्हा विचारलं. पूर्वज आता दिवाळीचं टोकच निघालं. मग तिनं दुहेरी दंडव्याजाची एक ओळ काढली आणि आषाढातल्या चाचण्या नव्या दरानं लिहिल्या. पेढा घेतला नाही. गोड खात नाही म्हणाली.

एवढ्यावर माणूस गप्प बसेल. मी 'समान पूर्वज: संकल्पना आणि व्यवहार' या विषयावर टीमसमोर प्रेझेंटेशन ठेवलं. मालकही आले, कारण त्या दिवशी वीज नसल्यामुळे त्यांच्या केबिनमधला एसी बंद होता आणि आमच्या खोलीला खिडकी आहे. स्क्वॉशचा फतवा मी मागे घेतला होता आणि नव्या मुसलमानाच्या... नको, नव्यानं बाटलेल्या माणसाच्या उत्साहानं सकाळीच मेन दिवाळीत मर्ज मारला होता. त्याच सकाळी आणखी कोणीतरी, माझ्या मर्जच्या आधीची दिवाळी मेनमध्ये मर्ज मारली होती. दोन्ही कामं योग्य होती. मला दुसरं ठाऊक नव्हतं.

"कुठल्याही दोन कमिटांचा सगळ्यात जवळचा पूर्वज एकच असतो," मी म्हणालो, आणि ठसवण्यासाठी मर्ज-बेसच्या कमांडला 'ऑल' जोडून ती मेन आणि दिवाळीवर चालवली.

पडद्यावर दोन ओळी आल्या.

मी पुन्हा चालवली. दोन.

"क्रिस-क्रॉस झालंय सर," मागून आवाज आला, आणि मग तीच उठून फळ्याशी गेली. दोन्हीकडून एकमेकींत मर्ज गेला की दोन पूर्वज सारखेच जवळचे निघतात; एक दुसऱ्याचा वंशज नाही, त्यामुळे कोणालाच मागे सारता येत नाही. आत्याच्या भाषेत, बापाकडून चुलत आणि आईकडून मावस. मी म्हणालो, मग गिट दोघांतला एक निवडत असणार. नाही म्हणाली. गिट त्या दोन पूर्वजांचाच आधी आपापसात मर्ज मारतं, त्यासाठी गरज पडली तर त्यांचेही पूर्वज काढतं, आणि त्यातून जो तयार होतो त्याला पूर्वज मानून पुढे जातं. २००५ पासून ही चाल आहे, २०२१ मध्ये तिची नव्यानं लिहिलेली, वेगवान आवृत्ती आली, पण युक्ती तीच. इतिहासात असा कमिट कधीच झालेला नसतो. कोणी केलेला नसतो. काम झालं की त्याचा मागमूसही राहत नाही.

"म्हणजे खोटाच," मी म्हणालो. मला हे मनापासून पटलं नव्हतं. सरळ रेषेचा माणूस मी.

मालक इतका वेळ पंख्याच्या जागी हातातली वही हलवत बसले होते. ते एकदम पुढे सरकले. "यात खोटं काय आहे?" ते म्हणाले. "आमच्या आजोबांनी कुलवृत्तांत छापायला काढला, तेव्हा देवगडची शाखा आणि आमची शाखा वर जुळेनात. दोन्हीकडचे म्हातारे आपापला मूळ पुरुष सोडायला तयार नाहीत. छापखान्यात कागद येऊन पडलेला. शेवटी आजोबांनी एक पदरचाच घातला, दोघांच्याही वर. सगळे गप्प. अजून दर वर्षी त्याची पुण्यतिथी असते. जेवण फार चांगलं करतात."